मेहनत आधी, खुराक नंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ज्येष्ठांच्या दिनक्रमात प्रकृतीसाठी केलेल्या दोन गोष्टी हमखास आढळतात. उजाडण्याच्या सुमारास शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा जवळच्या रस्त्याला चालून यायचे, आणि डॉक्टरांनी दिलेली ‘डी’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल दुधातून घ्यायची. गुडघे कुरकुरतात, कंबर धरते, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, आणि या सगळ्यावर हेच दोन उपाय पुरेसे आहेत असा सार्वत्रिक समज आहे. दोन्ही सवयी आपल्या जागी चांगल्या आहेत. पण गेल्या पस्तीस वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर म्हातारपणी स्नायू आणि हाडे टिकवण्याचे मुख्य काम या दोन्हींपैकी एकीनेही होत नाही, असा निष्कर्ष निघतो. ते काम वजनाचा, ताणाचा, ताकदीचा व्यायाम करतो. ‘डी’ जीवनसत्त्व त्याला मर्यादित आणि ठरावीक परिस्थितीत मदत करते. तालमींसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुराला हे समजायला जड जाऊ नये. नुसत्या खुराकावर पैलवान होत नाही, आधी आखाड्यात मेहनत लागते, हे इथल्या कोणत्याही वस्तादाला ठाऊक असते. साठीनंतरच्या शरीरालाही हाच नियम लागू आहे, आणि आपण मात्र वय वाढले की मेहनत बंद करून खुराकावर भर देतो.

आधी नेमके काय झिजते ते पाहू. वयाबरोबर स्नायू कमी होतात हे लोकांना पूर्वीपासून दिसत होते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले आणि तिच्याकडे आजार म्हणून पाहण्यास सुरुवात झाली. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या अमेरिकी स्त्री-पुरुषांना तीन वर्षे तपासणाऱ्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पायातील स्नायूंचे वस्तुमान वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत होते, ताकद मात्र सुमारे तीन टक्क्यांनी. म्हणजे आरशात किंवा काट्यावर जे दिसते त्याच्या तिप्पट वेगाने बळ जात असते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात. पाय अडखळला की तोल सावरायला हेच तंतू लागतात. झिजेचा वेग वाढवायला फार काही लागत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेला आणि पायांची ताकद १६ टक्क्यांनी उतरली. डेंगी, न्यूमोनिया किंवा मोतीबिंदूनंतरची ‘जपून राहा’ म्हणून लांबलेली विश्रांती ज्येष्ठांना कशी खचवते, याचा हिशेब या आकड्यांत आहे. म्हणूनच आजचे निकष स्नायू किती आहे यापेक्षा त्यात बळ किती आहे यावर भर देतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीचे बळ पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, किंवा हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला बारा किंवा अधिक सेकंद लागत असतील, तर पुढची तपासणी हवी. यातली दुसरी चाचणी घरात, घड्याळ लावून, फुकट करता येते. पकडीचे बळ ही किरकोळ बाब नव्हे. भारतासह सतरा देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार माणसांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकड पाच किलोने कमी असण्याचा संबंध १६ टक्के अधिक मृत्यूंशी आढळला.

हाडांचे गणित यापासून वेगळे काढता येत नाही. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते. भार वाढला की बांधणी घट्ट होते, भार गेला की ती विरळ होते. हाडावर सर्वांत मोठा भार टाकतो तो त्याला जोडलेला स्नायू. त्यामुळे स्नायू ढिला पडला की हाडाला घट्ट राहण्याचे कारणच उरत नाही. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. गेल्या काही दशकांत घरातल्या कामांचे स्वरूपही बदलले आहे. पाणी भरणे, जात्यावर दळणे, उकिडवे बसून काम करणे हे सगळे गेले. राजारामपुरीतल्या बैठ्या घरांच्या जागी अपार्टमेंट आली, लिफ्ट आल्या, खाली बसणेही सुटले. या सुखसोयी हव्यातच, पण त्यांनी शरीरावरून जो भार काढून घेतला तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने परत द्यावा लागेल. खुब्याचे हाड मोडणे ही या सगळ्या झिजेची परिणती. भारतात हे अस्थिभंग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी होतात असे अस्थितज्ज्ञ सांगतात. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दर पाचांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. बहुतेक खुबे मोडतात ते उभ्या उंचीवरून पडून. हाड ठिसूळ असणे आणि पाय कमकुवत असणे, दोन्ही एकत्र आली की ती घटना घडते. म्हणून उपायही असा हवा की जो दोन्हींवर एकाच वेळी चालेल.

असा उपाय आहे याचा एक ठोस पुरावा १९९० मध्ये बोस्टनहून आला. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे जड वजनांचा पायांचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी. गट लहान होता, म्हणून १९९४ मध्ये त्याच संशोधकांनी सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवरचा दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पूरक आहार, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची तीन टक्क्यांनी. चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्तीही व्यायामवाल्यांची वाढली. नुसत्या पूरक आहाराने मात्र अशक्तपणात काहीही फरक पडला नाही. मेहनत आणि खुराक यांतले आधी काय, याचे उत्तर त्या एका प्रयोगात मिळते. हाडांबाबतचा तसाच महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला. ५८ वर्षांवरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उड्या घेतल्या. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. डेन्मार्कमध्ये निवृत्तीच्या वयाच्या ४५१ जणांवर झालेल्या प्रयोगाचे २०२४ मधले निष्कर्ष आणखी उत्साह देणारे आहेत. वर्षभर जड व्यायाम केलेल्यांच्या पायांची ताकद व्यायाम सुरू केल्यापासून चार वर्षांनीही टिकून होती. आणि पडण्याबाबत: २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने १०८ प्रयोगांतल्या तेवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र केली. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले, आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तिथे घट सुमारे ३४ टक्क्यांपर्यंत गेली. याच आढाव्यात नुसत्या चालण्याने पडणे कमी होते का, याला खात्रीलायक उत्तर मिळाले नाही.

आता ‘डी’ जीवनसत्त्वाकडे वळू. त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा यांनी नाशिक भागातल्या मुडदुसावर निबंध प्रसिद्ध केला. खाऊन-पिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या स्त्रियांत आणि मुलांत हाडे मऊ पडण्याचा विकार आढळत होता. शेतात उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या पोरांत, आहार निकृष्ट असूनही, तो जवळपास नव्हता. अन्नापेक्षा उन्हाचा अभाव हे कारण ठरवणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी हा एक होता. पुढे यंत्रणा उलगडली. उन्हातली अतिनील ‘बी’ किरणे त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ‘डी’ घडवतात, यकृत आणि मूत्रपिंड त्यावर संस्कार करतात, आणि मग आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाते. वय वाढते तशी त्वचेची ही क्षमता निम्म्याहून खाली येते. फार तीव्र कमतरता असेल तर हाडे मऊ होतात, मांड्या आणि दंड दुर्बळ होतात, चालताना माणूस डुलतो. अशा रुग्णाला ‘डी’ दिल्यावर जो फरक पडतो तो विलक्षण असतो. वृद्धाश्रमातही त्याने काम केल्याचा पुरावा आहे. फ्रान्समधल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांना रोज ८०० युनिट ‘डी’ आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम देऊन अठरा महिने पाहिले, तेव्हा खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. या स्त्रिया घराबाहेर क्वचित पडणाऱ्या होत्या आणि त्यांच्या रक्तात ‘डी’ खूप कमी होते. तूट मोठी असेल तिथे ती भरून काढल्याचा फायदा होतो, हे या अभ्यासाने सिद्ध केले.

अडचण पुढे सुरू झाली. तूट भरल्याने फायदा होतो, मग सगळ्यांना अधिक दिल्याने अधिक फायदा होईल, असे धरून चालले गेले. हा अंदाज खरा ठरला नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या प्रयोगात २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज दोन हजार युनिट ‘डी’ दिले. सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ पाहूनही अस्थिभंग कमी झाले नाहीत, पडणेही कमी झाले नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे एकदम मोठा डोस देण्याचे परिणाम. ऑस्ट्रेलियात सत्तरीवरच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आला की ‘डी’ घेणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगांचे २६ टक्क्यांनी अधिक होते. आपल्याकडे अजूनही सहा लाख युनिटचे इंजेक्शन दिले जाते, तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असायला हवा. पुडीशी थेट संबंध येतो तो झुरिकच्या अभ्यासाचा. आदल्या वर्षी एकदा तरी पडलेल्या, सत्तरीवरच्या दोनशे जणांत महिन्याला साठ हजार युनिट घेणाऱ्यांपैकी ६६.९ टक्के जण वर्षभरात पडले, चोवीस हजार घेणाऱ्यांपैकी ४७.९ टक्के. ‘डी’ची रक्तातली पातळी जास्त वाढली, पायांचे काम मात्र सुधारले नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या प्रयोगात महिन्याला साठ हजार युनिट पाच वर्षे देऊन अस्थिभंग वाढले नाहीत. तेव्हा महिन्याची पुडी म्हणजे विष असे कोणी समजू नये. पण तिच्याकडून ज्या ताकदीची अपेक्षा आपण करतो ती तिच्यात नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने नव्या मार्गदर्शिकेत हेच वळण घेतले: निरोगी माणसांची सरसकट ‘डी’ तपासणी नको, पन्नास ते चौऱ्याहत्तर वयोगटात नेहमीच्या गरजेपेक्षा जास्तीचे ‘डी’ सरसकट नको, पंचाहत्तरीनंतर रोजचे माफक ‘डी’ द्यायला हरकत नाही, आणि पन्नाशीनंतर अधूनमधून मोठा डोस देण्यापेक्षा रोजचा लहान डोस बरा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा येतो की हे प्रयोग पाश्चात्त्यांवरचे. तिथल्या माणसांत मुळात फारशी कमतरता नव्हती. आपल्याकडे ती घरोघरी आहे. आक्षेपात तथ्य आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये २५ ते ३५ वयाच्या हजाराहून अधिक निरोगी तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात सुमारे ७० टक्क्यांचे ‘डी’ मिलिलिटरमागे वीस नॅनोग्रॅमच्या खाली होते. तरुणांची ही गत, तर ज्येष्ठांची वेगळी असण्याचा संभव कमी. पण या आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, वीस ही रेषा बहुतेक सर्व माणसांची गरज भागवणारी वरची रेषा आहे. तिच्या जरा खाली असलेला प्रत्येकजण आजारी नसतो. ज्या पातळीला हाडे खरोखर मऊ पडू लागतात ती त्याहून बरीच खाली, दहा-बाराच्या आसपास. प्रयोगशाळेच्या अहवालात तीसच्या खालचा आकडा ठळक छापला जातो आणि घरात भीती पसरते, ती बहुधा अनाठायी असते. दुसरी गोष्ट, कमतरता असलेल्या लोकसंख्येतही नुसत्या ‘डी’ने अपेक्षित फायदा दिसेलच असे नाही. मंगोलियातल्या ८,८५१ शाळकरी मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांचे ‘डी’ वीसच्या खाली होते. तीन वर्षे दर आठवड्याला ‘डी’ देऊनही त्यांचे अस्थिभंग कमी झाले नाहीत. मुलांवरून ज्येष्ठांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. तरी ‘आपल्यात कमतरता आहे म्हणून पुडी पुरेल’ हा युक्तिवाद यातून डळमळतो. भारतीय ज्येष्ठांसाठी योग्य धोरण मधले आहे. घराबाहेर न पडणारे, अंगभर कपड्यांत राहणारे, मूत्रपिंडाचे वा आतड्याचे विकार असलेले, फिट्सची औषधे घेणारे, हाडे दुखणारे आणि उठता न येणारे, यांची तपासणी आणि उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावेत. बाकीच्यांना रोज ६०० ते ८०० युनिटची गरज थोडे ऊन आणि माफक पूरक मात्रा यांतून भागते. ऊन म्हणजे कोवळे ऊन नव्हे, हेही इथेच स्पष्ट केले पाहिजे. तिरुपतीत झालेल्या प्रयोगांत त्वचेत ‘डी’ तयार होण्याची वेळ प्रामुख्याने सकाळी ११ ते दुपारी २ अशी आढळली. कोल्हापूर जेमतेम तीन अंश उत्तरेला आहे. पहाटेच्या फेरीत मन प्रसन्न होते, ‘डी’ मात्र जवळजवळ मिळत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा लहान असते तेव्हाचे ऊन हातापायांवर थोडा वेळ घेणे उपयोगी, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ महिन्यांत तेही दुर्मीळ.

दुसरा आक्षेप व्यायामावरच उलटवता येतो, आणि तो टाळून चालणार नाही. युरोपात सत्तरीवरच्या २,१५७ जणांवर तीन वर्षे चाललेल्या ‘डू-हेल्थ’ प्रयोगात ‘डी’, ओमेगा-३ आणि घरच्या घरी करायचा ताकदीचा व्यायाम, तिन्ही तपासले होते. २०२० मध्ये निकाल आला: ठरवलेल्या सहा मुख्य बाबींपैकी एकीतही कशाचाच ठळक फायदा नाही. मग व्यायामाचाही दावा फोल म्हणायचा का? नाही, कारण हे लोक मुळात बरेच निरोगी आणि हिंडते-फिरते होते, आणि त्यांना दिलेला व्यायाम साधा, देखरेखीविना करायचा होता. फियातारोने यांच्या नव्वदीच्या माणसांनी त्यांच्या कमाल क्षमतेच्या जवळचे वजन उचलले होते आणि ते वेळोवेळी वाढवले जात होते. यातून हाती लागते ते हे की ‘व्यायाम’ या नावाखाली कोणतीही हालचाल चालत नाही. औषधाला मात्रा असते तशी भाराला असते, आणि ती पुरेशी हवी, वाढती हवी. दहा वर्षे त्याच दोन किलोच्या डंबेल्सनी हात हलवणाऱ्याचे शरीर त्या भाराला कधीच सरावलेले असते. हेच शेतात राबलेल्या स्त्रियांनाही लागू होते. आयुष्यभर कष्ट करूनही त्यांच्या हाडांना ठिसूळपणा येतो, कारण कष्ट ठरावीक अवयवांवर पडतात, विश्रांती आणि प्रथिने पुरत नाहीत, आणि उतारवयात कष्ट थांबले की भारही थांबतो. कष्ट माणसाला झिजवू शकतात. मोजून घेतलेला भार आणि त्यानंतरची विश्रांती त्याला घडवते. चालण्याचेही तसेच. हृदय, मधुमेह, झोप, मन या सगळ्यांसाठी चालणे उत्तम आहे आणि ते कोणी सोडू नये. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यात मांडीला तिच्या क्षमतेचा थोडाच भाग वापरावा लागतो. आठवड्याचे पाच दिवस चालणाऱ्याने त्यातले दोन दिवस अर्धा तास ताकदीला दिले, तर त्याचे काहीच बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा आणि ६५ नंतर तीन दिवस तोल व ताकद यांचा मिळून व्यायाम सांगतात.

तिसरी शंका भीतीची आहे: या वयात वजने उचलली तर काही होणार नाही ना? भीती समजण्याजोगी आहे, आणि काही बाबतींत रास्तही. आटोक्यात नसलेला रक्तदाब, अलीकडेच आलेला हृदयविकाराचा झटका, छातीत दुखणे, नुकताच झालेला अस्थिभंग, मधुमेहाने बाधित झालेला डोळ्याचा पडदा, यांत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये. श्वास रोखून जोर लावू नये. मणक्याची हाडे ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या पाहणीत ठिसूळ मणक्याच्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्क्यांना नवे मणकाभंग झाले, पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांना. गट लहान होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. महाराष्ट्रात सूर्यनमस्काराचा प्रसार औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हिरीरीने केला, आणि निरोगी पाठीच्या माणसाला तो उत्तमच. ठिसूळ मणक्याच्या आजींनी मात्र त्यातले खाली वाकणे सोडून बाकीचे करावे. हे झाले अपवाद. त्यांच्या बाहेर, योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा धोका अल्प आहे. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात आठ महिन्यांत जड व्यायामाने झालेली इजा म्हणजे एकीच्या कमरेत आलेली किरकोळ उसण. याउलट काहीच न करण्याचा धोका मोठा आणि निश्चित आहे, फक्त तो एका दिवशी घडत नाही म्हणून दिसत नाही. ज्यांचे हाड आधीच मोडले आहे किंवा डेक्सा तपासणीत घनता फार कमी आली आहे, त्यांना हाडे घट्ट करणारी औषधेही लागतात. व्यायाम त्यांची जागा घेत नाही. दोन्ही बरोबर चालावीत.

खुराकाचा खरा मुद्दा पुडीपेक्षा ताटाचा आहे. भार दिल्यावर स्नायू बांधायला प्रथिने लागतात, आणि वयाबरोबर शरीर त्यांचा उपयोग कमी कार्यक्षमतेने करते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवीत असे या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सुचवले. साठ किलोच्या माणसाला म्हणजे रोज ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी आमटी-भात-भाकरी, रात्री ‘हलके म्हणून’ दूध-भात, अशा आहारात हा आकडा गाठणे कठीण. सुदैवाने उपाय कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात आहेत. पावशेर म्हशीच्या दुधात सुमारे नऊ ग्रॅम, एका अंड्यात सहा, वाटीभर दह्यात, मटकीच्या उसळीत, झुणक्यात, भाजलेल्या शेंगदाण्यांत चांगली भर. मटण खाणाऱ्या घरात ज्येष्ठांच्या वाट्याला नुसता रस्सा न देता चार फोडी द्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकीच्यांनी प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ ठेवला तरी पुष्कळ काम होते, आणि त्यातल्या दूध-दह्याने कॅल्शियमही भागत जाते.

प्रत्यक्ष व्यायाम काय, याला जिमचे महागडे सभासदत्व लागत नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीवर आणि पुढे ओट्यावर हात टेकून जोर काढणे, टाचा उचलणे, जिन्याच्या पायऱ्या चढणे, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन चालणे, रबरी पट्टा ओढणे, ओट्याजवळ उभे राहून एका पायावर तोल धरणे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, आणि त्यातले शेवटचे दोन खरोखर जड वाटतील असा भार. बारा सहज झाले की भार वाढवायचा. पहिले काही महिने जाणकाराच्या नजरेखाली गेले तर उत्तम, आणि इथे प्रश्न वैयक्तिक शिस्तीकडून शहराच्या जबाबदारीकडे येतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. व्यायामाची व्यवस्था ही समाजाने करायची गोष्ट आहे, हा विचार त्या मैदानात आहे. तो विचार आज तरुण पुरुषांपुरता राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास दहाजण साठीवरचे होते, आणि ती संख्या वाढतच आहे. त्यांच्यातल्या स्त्रियांना, ज्यांची हाडे सर्वांत आधी झिजतात, कोल्हापूरच्या तालमीने कधी आत बोलावले नाही. उद्यानांत बसवलेली खुल्या व्यायामाची यंत्रे उपयोगी आहेत, पण बहुतेकांत भार वाढवण्याची सोय नाही आणि शिकवायला कोणी नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, तालीम मंडळे, फिजिओथेरपिस्ट आणि महापालिका यांनी मिळून प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोन दिवस, तासाभराचा, ज्येष्ठांसाठीचा ताकदीचा वर्ग चालवला, तर त्याचा खर्च खुब्याच्या काही मोजक्या शस्त्रक्रियांइतकाही होणार नाही. सभागृह, खुर्च्या, काही वजने आणि एक प्रशिक्षित माणूस, एवढेच लागते. राजारामपुरीसारख्या, दवाखाने आणि सुशिक्षित निवृत्त माणसे दोन्ही भरपूर असलेल्या भागाने त्याची सुरुवात करावी.

डॉक्टरांकडेही एक मागणी आहे. ‘डी’ची चिठ्ठी लिहिताना तिच्याखाली व्यायामाची ओळ लिहावी: कोणता, किती वेळा, किती भाराचा. रुग्ण पुडी मागतो, कारण आपण त्याला दुसरे काही लिहून देत नाही. आणि वाचकांसाठी सांगणे एवढेच: आज घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला पाठ टेकायची साधी, बिनहाताची खुर्ची द्या, ती भिंतीला लावा, शेजारी उभे राहा, हात छातीशी घ्यायला सांगा आणि पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते मोजा. बारा किंवा जास्त लागले, तर ‘डी’च्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा आणि व्यायामाला लागा.